उतरता आकडा

गालिसियातल्या आमच्या धक्क्यावर
लिलाव चढत नाही, उतरतो.
एवारिस्तो बारा युरोंवर तोंड उघडायचा
आणि जिन्यावरून गडगडत यावा पत्र्याचा डबा
तसा खाली यायचा एका दमात :
अकरा ऐंशी, अकरा साठ, अकरा चाळीस...
गर्दीतून कुणीतरी "माझं!" म्हणेपर्यंत.
एकतीस वर्षं.
बायका म्हणायच्या, ऑक्टोपससुद्धा ऐकतो याचं.

जानेवारीत खोकी आली.
चार पडदे, सदतीस बटणं,
आणि माझ्यासाठी वेगळी एक पुस्तिका :
बदलाच्या काळात माणसं कशी सांभाळावीत.
मुखपृष्ठावर हसत हसत डोंगर चढणारा एक इसम,
पाठीवर ओझं नाही, बुटाला चिखल नाही.
मीही पहिल्या बैठकीत तशीच हसले.
म्हणाले, कुणाचंही काम जाणार नाही.
(मला हे कुणी लेखी दिलं नव्हतं.)

तराजूवरच्या शुर्शोनं विचारलं,
"आणि आवाजाचं काय?"
"कुठल्या आवाजाचं?"
त्यानं नुसती हनुवटी हलवली.
तिकडे एवारिस्तो पाइप धरून फरशी धूत होता,
पाठमोरा,
धुतलेलीच फरशी पुन्हा.

पडद्याला ओलं बोट कळत नाही
हे पुस्तिकेत नव्हतं.
इथे कोरडं बोट आहे कुणाचं?
मारुशाच्या अंगठ्यावर खवले,
ती दाबते, पडदा ढिम्म.
ती पुन्हा दाबते, माझ्याकडे बघते,
साठाव्या वर्षी फळ्यासमोर उभं केल्यासारखी.
त्या रात्री मी घरातले सगळे जुने टॉवेल फाडले.
पहाटे चारला चाळीस कोरडे चौकोन घेऊन आले
आणि समोर उभं राहायचं सोडून
तिच्या शेजारी बसले, उलट्या क्रेटवर.
माझं सगळं नेतृत्व म्हणाल तर
तेवढंच.

यंत्र वाईट आहे असं मी म्हणणार नाही.
माद्रिदहून लोक बोली लावतात आता झोपेतून उठून,
होडीवाल्यांना किलोमागे चार पैसे जास्त मिळतात,
होडीवाल्यांनाही घरं आहेत.
एवारिस्तो काचेमागे बसतो,
फुटक्या पेट्यांची नोंद करतो, दोन बोटांनी,
अक्षर शोधत, शिव्या न देता.
शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पण रामोना.
वरच्या गावांत हातगाडीवर मासे विकणारी,
मोजके पैसे रुमालाच्या गाठीत.
तिच्यासाठी एवारिस्तो चारवर आला की
श्वास घ्यायचा.
फक्त श्वास, आवंढा गिळण्याएवढा.
त्या श्वासात दुसरं कुणी तोंड उघडायचं नाही.
कुणी ठरवलं नव्हतं, कुठे लिहिलं नव्हतं,
मलाही सहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं;
तो थांबला, तेव्हा ऐकू आला.

मी विगोला फोन लावला.
इयागो, सव्वीस वर्षांचा, चांगला मुलगा.
"थांबा किती सेकंदांचा हवा?"
"म्हातारा माणूस आवंढा गिळतो तेवढा."
तो हसला नाही. म्हणाला,
"बाई, एकीसाठी थांबलं तर
बाकीच्यांवर अन्याय होतो ना?"
तोही चूक नव्हता.

परवा बांगड्याची शेवटची पेटी होती.
पडदा उतरत होता, बिनआवाजी.
काचेमागे एवारिस्तोचे ओठ हलत होते आकड्यांबरोबर,
आणि चारवर
ओठ थांबले.
हॉलमधली सगळी बोटं बटणांवरून उचलली गेली,
शुर्शोचं, मारुशाचं,
ज्यांना मी तीन महिने दाबायला शिकवलं त्या सगळ्यांचं.
रामोना रुमालाची गाठ सोडत होती, दातांनी.
तीन ऐंशी.
तीन साठ.
माद्रिदनं घेतली.

महिन्याच्या अहवालात एक रकाना असतो : अडचणी.
मी लिहिलं, एक श्वास.
तांबडी चौकट आली,
कृपया फक्त आकडा भरा.
बाहेर फरशीवर पाण्याचा आवाज येत होता.
मी भरला : १.